बिनभाताचा नांगर

"भात नको."

माझी पळी हातातच राहिली. सकाळची ऐन गर्दीची वेळ, माझ्या टोपलीभोवती चटईवर गिऱ्हाइकं गुडघ्याला गुडघा लावून बसलेली, आणि सगळ्यांच्या देखत माझा नवरा केळीचं पान पुढे करून सांगतोय, भात नको!

"काय नको म्हणालात?"

"भात. कोंबडी घाल, अंडं घाल, लाबू भोपळ्याची थोडी भाजी घाल. नारळाची साय घाल भरपूर. भात तेवढा नको."

"मग लिवेत कशाला म्हणायचं त्याला?"

"नको म्हणूस," हे शांतपणे म्हणाले आणि पान आणखी पुढे केलं.

मी लिवेतवाली. नारळाच्या दुधात मुरवून शिजवलेला भात म्हणजे लिवेत. बाकी सगळं त्याच्या सोबतीला. सोलो शहरातल्या याच कोपऱ्यावर माझी आई बसायची, आता मी बसते. आणि ज्या माणसाने याच चटईवर रोज तीन-तीन पानं भात संपवत शेवटी एकदाची मला मागणी घातली, तोच माणूस आज भात नको म्हणत होता. शेजारची बू तुतिक (आमच्याकडे बाईमाणसाला बू म्हणतात, पुरुषाला पाक्) तोंडात घास असताना ओरडली, "मार्सी, भांडलीस का काय गं नवऱ्याशी?"

"मला कळलं असतं तर भांडले नसते का!"

सगळे हसले. हे नाही हसले. कोंबडीचा तुकडा चावत ते गल्लीच्या टोकाकडे बघत होते आणि तिकडून येत होता दानांग. तेव्हाच माझ्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला.

दानांग हा मोबाइलच्या दुकानात कामाला असलेला पोरगेला माणूस. आमच्या गल्लीत राहायला आला तेव्हा चांगला गोलमटोल होता, आणि वर्षाच्या आत असा काही सुकला की त्याची आईसुद्धा त्याला दारातून नाव विचारून आत घेईल. भात सोडला, एवढंच त्याचं रहस्य. भात, शेवया, साखर, पाव, सगळं बंद. मांस, अंडी, खोबरं चालू. सकाळी कॉफीत लोणी घालून प्यायचा! गल्लीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर रोज एक फोटो टाकायचा: जुनी पँट घातलेली आणि कंबरेपाशी ती हाताने पुढे ओढून धरलेली, आत आणखी एक दानांग मावेल एवढी जागा. खाली लिहिलेलं, "भात हीच साखर." त्याच्याखाली टाळ्यांची चित्रं, ज्वाळांची चित्रं, आणि माझ्याच गिऱ्हाइकांची नावं.

आमचे हे, म्हणजे कासिरान, पाणीखात्यात मीटर वाचायचे. गल्लोगल्ली फिरायचं, लोखंडी झाकण उचलायचं, वाकून आकडे बघायचे, पुढच्या घरी जायचं. सगळी नोकरी पायांवर. पण गावात त्यांना मीटरवाला कुणी म्हणायचं नाही. सगळे म्हणायचे, नांगर. जहाजाचा असतो ना, तसा. सतरा ऑगस्टला, स्वातंत्र्यदिनाच्या खेळांत आमच्या चार नंबर गल्लीची आणि पाच नंबरवाल्यांची रस्सीखेच व्हायची, आणि आमच्या दोराच्या शेवटच्या टोकाला पाय रोवून उभे असायचे हे. कंबरेला लुरिकचा, म्हणजे जाड हातमागाच्या कापडाचा, पट्टा गुंडाळायचा म्हणजे दोर काचत नाही, दोर पाठीवरून बगलेत घ्यायचा आणि मागे रेलायचं. तो पट्टा माझ्या सासऱ्यांचा. त्यांच्या आधी तेच नांगर होते. यांच्या पोटावर पट्ट्याची दोन टोकं जेमतेम एकमेकांना भेटायची. गाठ मारताना पोट आत घ्यायला मी सांगायची आणि हे छाती फुगवायचे. पाच नंबरची माणसं नुसतं ते पोट बघून अर्धी हरायची.

अशा माणसाने भात सोडला. नुसती हौस म्हणून सोडला असता तर मी भांडले असते, आणि जिंकलेही असते. पण ईदनंतर सरकारी दवाखान्यात यांची साखर वाढलेली निघाली होती. गोळी चालू झाली. यांच्या थोरल्या भावाचा पाय साखरेनेच गेला होता, गुडघ्यापर्यंत. तेव्हापासून संध्याकाळचा नमाज झाला की हे पायरीवर बसायचे, एकेक पाऊल मांडीवर घ्यायचे आणि टॉर्च मारून बोटांच्या बेचक्या तपासायचे. तासन् तास. मी विचारलं की म्हणायचे, "काही नाही, धूळ बघतोय." म्हणून त्या सकाळी मी पानावर कोंबडी वाढली, अंडं वाढलं, वर दोन पळ्या साय ओतली आणि भाताची पळी टोपलीत परत ठेवली.

मग सगळी गल्लीच पिसाळली! नांगराने भात सोडला म्हटल्यावर मागे कोण राहणार? आमच्या भिशीत पूर्वी तळलेली केळी आणि चिकट भाताच्या वड्या असायच्या, त्या गेल्या आणि दानांगने फ्लॉवर किसून त्याचा "भात" करून आणला. बायका चमचा तोंडात घालून एकमेकींकडे बघत होत्या. "छान आहे," "हो ना, अगदी भातच," "कळतसुद्धा नाही." बू तुतिकने तर जाहीरच करून टाकलं की तिच्या घरात आजपासून भात शिजणार नाही.

दुसऱ्या दिवशी ती माझ्याकडे आली. "मार्सी, भात नको गं बाई. नुसती भाजी दे. आणि ते लोंतोंग दे चार."

मी बघतच राहिले. लोंतोंग म्हणजे केळीच्या पानात वळकटी करून उकडलेला भातच की! "बू, हा भातच आहे ना?"

"छे गं! भात तो भात, लोंतोंग ते लोंतोंग." आणि माझ्या तोंडावर हसली. "तुला काही कळत नाही या डाएटमधलं."

आमच्याकडे असंच आहे. माणूस सकाळपासून शेवया, रताळी, तळलेली केळी, मक्याची कणसं रिचवतो आणि दुपारी विचारलं तर म्हणतो, अजून जेवलो नाही. पानात भात पडला तरच जेवण. त्यामुळे भात सोडला म्हणजे जेवणच सोडलं, आता बाकी काय खाल ते खा, असा अर्ध्या गल्लीचा समज झाला. तुतिकचा नवरा पाक् सार्नो तर घरचा भात बंद झाल्याच्या दुःखात संध्याकाळी नाक्यावर तांदळाच्या शेवयांच्या दोन दोन प्लेटा हाणायचा, वर साखरेचा चहा. "आम्ही दोघंही डाएटवर आहोत," असं छातीला हात लावून सांगायचा. महिन्याभरात त्याच्या शर्टाची बटणं कुरकुरायला लागली.

आमच्या घरात मात्र चेष्टा नव्हती. यांनी एकदा ठरवलं की ठरवलं. पानात मांस, अंडी, भाजी. साखर नाही, शेवया नाही, फळसुद्धा नाही. पहिल्या आठवड्यातच पोट उतरायला लागलं. दानांगने यांना वजनकाट्यावर उभं करून फोटो काढला आणि ग्रुपवर टाकला. टाळ्या, ज्वाळा, फुगे! बायका मला विचारायला लागल्या, "मार्सी, नवरा कोणता गं हा, नवीन केलास?" हेही खूश. आरशात वळून वळून बघायचे. दवाखान्यात साखर उतरलेली निघाली तेव्हा तर कागद हातात नाचवत घरी आले. "बघ! बघ हे! माझे पाय राहिले, मार्सी!" मी रडले. खोटं कशाला सांगू, मला फार आनंद झाला होता.

"मग गोळीचं काय म्हणाले?"

"विचारलं नाही. बाहेर रांग केवढी होती! गोळी आहे तशी चालू. ती कशी सोडीन? दोन्हींनी मिळूनच उतरली ना साखर."

मला पटलं. तुम्हालाही पटलं असतं.

एकच गोष्ट मला खटकायची. संध्याकाळ जवळ आली की हे चिडायला लागले. हयातीत कधी आवाज न चढवलेला माणूस, चप्पल वाकडी ठेवली म्हणून ओरडायचा. मी दानांगला विचारलं. तो म्हणाला, "बू, सुरुवातीला होतं. शरीर साखर मागतं. द्यायची नाही." मला वाटलं, भाताची आठवण येत असेल बिचाऱ्याला. तीस वर्षांचा माझा भात, तो काय सहज सुटतो का! मला तेव्हा थोडा अभिमानही वाटला.

ऑगस्ट उजाडला आणि गल्लीप्रमुख पाक् वार्सितो घरी आले. चहा घेतला, हवापाण्याच्या गप्पा झाल्या, मग यांच्या पोटाकडे बघत म्हणाले, "छान बारीक झालात."

"हो ना!"

"फारच छान. म्हणजे... रस्सीखेच जवळ आली आहे."

"मग?"

"पाच नंबरवाल्यांनी लोहार आणलाय दोराच्या शेवटी उभा करायला. हत्ती आहे हत्ती. मी म्हणत होतो, या वर्षी पाक् सार्नोला..."

हे एकदम उभे राहिले. "शेवटी मीच उभा राहणार. दोर पोटाने नाही धरत मी. पायाने धरतो!"

वार्सितो गेल्यावर यांनी पट्टा काढला आणि कंबरेला गुंडाळला. एकदा फिरवला. टोकं लोंबत राहिली. मग ती टोकं एकावर एक चढवली आणि मगच गाठ मारली. मी बघत होते. ते मला म्हणाले, "आता टोकं एकावर एक. जास्त घट्ट बसतो." मला हसूही येईना आणि रडूही.

सतराच्या सकाळी झेंडावंदन झालं. मी घरी पान वाढून ठेवलं. पानाच्या कोपऱ्यात, अगदी कडेला, मूठभर लिवेत ठेवला. "आज दोर ओढायचाय. एवढा तरी खा."

"आजच कसा खाऊ? सगळे माझ्याकडे बघतात." काळ्या कॉफीत लोणी घातलं, गोळी घेतली, भात बाजूला सारला. अर्धं अंडं कसंबसं खाल्लं आणि मैदानावर पळाले. आनंदाने भूकच नाही म्हणाले.

आणि काय मैदान होतं ते! कागदी झेंडे, कर्ण्यावर गाणी, पोत्यांत पाय घालून उड्या मारणारी पोरं, दोऱ्याला टांगलेल्या पापडांकडे तोंड वासून धावणाऱ्या म्हाताऱ्या. ऊन मी म्हणत होतं. कडेला दावेतवाला, नारळाच्या दुधात गुळाचा रस घालून सरबत विकणारा, रांजण घेऊन उभा होता. रस्सीखेच पुकारली तशी दोन्ही गल्ल्या चुन्याच्या रेघेपाशी लोटल्या. पंच कर्ण्यात ओरडला, "ऐका! रेघेच्या आत गल्लीचं दुसरं माणूस आलं की डाव गेला! गेल्या वर्षी बायका घुसल्या होत्या, मला सगळं आठवतं!"

सगळे हसले. मी सगळ्यांत जास्त हसले, कारण गेल्या वर्षी घुसणारी मीच होते.

पहिला डाव आम्ही हरलो. लोहाराने नुसतं मागे वळून चालायला सुरुवात केली आणि आमची माणसं त्याच्यामागे घसरत गेली. पाच नंबरच्या बायका किंचाळल्या. "नांगराचा गळ झाला गं बाई!"

दुसऱ्या डावात मात्र यांनी काय केलं! टाच खणून खड्डा केला, त्यात पाय रोवला आणि दोर बगलेत घेऊन असे आडवे पडले की पाठ जमिनीला टेकायची राहिली. लोहार ओढतोय, ओढतोय, हे हलत नाहीत. लोहार दमला. मग यांनी "हूऽऽ" म्हणून साद घातली आणि सगळी चार नंबर गल्ली एक पाऊल मागे आली. आणखी एक. आणखी एक! जिंकलो! मी ओरडून ओरडून घसा बसवून घेतला. बू तुतिक माझ्या गळ्यात पडली. दानांग उड्या मारत होता. "बघा बिनभाताची ताकद! बघा!"

तिसरा डाव. दोराला बांधलेली लाल चिंधी मधोमध थरथरत होती. मग हळूच आमच्याकडे सरकली. सरकली, थांबली, परत सरकली. आमची जिंकायची रेघ वीतभर राहिली होती. मी यांच्याकडे बघितलं.

घामाने डवरले होते. पण बाकीच्यांचे चेहरे लाल होते आणि यांचा पांढरा पडला होता, पिठासारखा. ओठ हलत होते. हात थरथरत होते आणि ते ओढण्याने नव्हे. मी रेघेपाशी धावले. "अहो! अहो!"

त्यांनी माझ्याकडे बघितलं आणि म्हणाले, "आई, झाकण कुठे ठेवलंस? मीटर दिसत नाही."

गोळ्या दिल्या तेव्हा दवाखान्यातल्या सिस्टर रेत्नोने मला बजावलं होतं: गार घाम आला, बरळायला लागले, तर आधी गोड पाजा, मग काय तो विचार करा. मी विचार केलाच नाही. दावेतवाल्याकडे धावले. "गुळाचा रस दे! नुसता रस! दूध घालू नकोस!" आणि गंज घेऊन रेघ ओलांडली.

"बू मार्सी, आत नको!" पंच कर्ण्यात ओरडला.

"काकी, दहा आकडे मोजेपर्यंत थांबा!" आमच्याच माणसांनी हाक मारली. चिंधी रेघेवर आलीच होती.

दानांग मध्ये आला. दोन्ही हात पसरून, रडकुंडीला येऊन म्हणाला, "बू, साखर नको! एवढ्या दिवसांची मेहनत..."

"बाजूला हो मेल्या!" मी त्याला असं ढकललं की तो चुन्यात बसला.

हे गुडघ्यावर आले होते. दोर मात्र बगलेतून सोडला नव्हता. मी त्यांचं डोकं छातीशी धरलं आणि रस ओठांना लावला. "प्या. हळू. गिळा. मी सांगते ना, गिळा." पहिला घोट गालावरून ओघळला. दुसरा गिळला. तिसरा गिळला. शिट्टी वाजली, कर्ण्यात कोणीतरी पाच नंबरचं नाव घेतलं, पण कोणी टाळी वाजवली नाही. पलीकडून लोहार दोर टाकून धावत आला होता आणि यांच्यावर सावली धरून उभा होता.

थोड्या वेळाने यांच्या डोळ्यांत ओळख आली. त्यांनी चुन्याच्या रेघेकडे बघितलं, चिंधीकडे बघितलं, मग माझ्याकडे.

"जिंकत होतो ना आपण?"

"हो," मी म्हणाले. "जिंकत होतो."

दवाखान्यात सिस्टर रेत्नोने आधी तपासलं, सलाइन लावलं आणि मग आम्हां दोघांना फाडून खाल्लं. "भात कमी करा म्हटलं होतं आम्ही. पार सोडलात, वर गोळी तेवढीच? ही गोळी भात खाणाऱ्या माणसासाठी दिली होती! रस्सीखेच खेळता ना तुम्ही? समोरच्याने दोर सोडला तर काय होतं?"

"उताणा पडतो माणूस," हे खालच्या आवाजात म्हणाले.

"मग? भात सोडायचा होता तर आधी इथे यायचं. मी गोळी कमी करून दिली असती. रांग असली म्हणून काय झालं? तुमच्या त्या दानांगला साखर आहे का? नाही ना? मग त्याला जे मानवलं ते तुम्हाला तसंच्या तसं कसं मानवेल?"

दानांग दाराशी उभा राहून ऐकत होता. संध्याकाळी घरी आला, हातात अंड्यांचा ट्रे. खाली बसला तो मान वर करीना. "बू, मला खरंच माहीत नव्हतं काका गोळी घेतात ते."

"तू विचारलं होतंस का?"

"नाही." मग म्हणाला, "माझ्यावर इतकं छान लागू पडलं होतं हो. मला वाटलं सगळ्यांनाच सांगावं."

मला त्याचा राग यायला हवा होता. आला नाही. पोरगं खरंच आनंदाने सांगत सुटलं होतं. अंडी ठेवून घेतली आणि त्याला जेवायला बसवलं.

ग्रुपवर टाळ्यांची आणि ज्वाळांची चित्रं दोन आठवडे बंद होती. मग कोणीतरी सकाळी उपाशी पोटी कोणत्या तरी पाल्याचा हिरवा रस पिण्याचा फोटो टाकला आणि परत टाळ्या सुरू झाल्या. बू तुतिक माझ्याकडे येऊन म्हणाली, "भात दे गं पोटभर, रसानंतर चालतो." माझी टोपली परत आधीसारखी रिकामी व्हायला लागली.

यांची गोळी निम्मी झाली. सिस्टरने सांगितलं, भात मुठीएवढा. स्वतःच्या मुठीएवढा. म्हणून हे रोज सकाळी चटईवर बसतात, पानावर आपली मूठ ठेवतात आणि मी तिच्या शेजारी तेवढाच भात ठेवते. कधी कधी मी थोडा जास्त ठेवते, तर ते बोटाने परत सारतात. पायांची टॉर्च अजून आहे, पण आता पटकन बघून होते. पोट काही परत आलं नाही. तब्येत छान आहे हो. सगळे म्हणतात, छान दिसता.

यंदा ऑगस्ट आला तेव्हा वार्सितो आमच्या दारावरून दोनदा गेले आणि दोनदा तसेच पुढे गेले. सांगायचं कसं, हा त्यांना प्रश्न. सतराच्या दुपारी यांनी स्वतःच पट्टा काढला. आदल्या दिवशी धुऊन वाळवला होता, घडी करून खांद्यावर टाकला आणि मैदानावर गेले. मी टोपली घेऊन मागे.

सार्नो बाजूला घाबरून उभा होता. वर्षभराच्या शेवया, लोंतोंग आणि साखरेचा चहा असा सगळा डाएट त्याच्या पोटावर दिसत होता. हे त्याच्यासमोर जाऊन उभे राहिले. पट्टा त्याच्या कंबरेभोवती फिरवला. टोकं जेमतेम भेटली.

"पोट आत घे."

सार्नोने पोट आत घेतलं.

"नको. बाहेरच असू दे." यांनी गाठ मारली, ओढून बघितली, आणि त्या पोटावर दोन थापा मारल्या. "टाच आधी रोव. दोर मग धर."

मग रेघेच्या बाहेर आले आणि माझ्या शेजारी उभे राहिले. शिट्टी वाजली. सगळी चार नंबर गल्ली ओरडायला लागली, मीही ओरडत होते. यांचे दोन्ही हात आपोआप पुढे गेले, मुठी वळल्या, आणि तशाच हवेत राहिल्या. त्यांनी त्या मुठींकडे बघितलं. मग वाकून माझी टोपली उचलली आणि डाव संपेपर्यंत दोन्ही हातांनी घट्ट धरून उभे राहिले.